सरळ रेषेतला तडा

ओयामा, ९ एप्रिल १९८१

मित्सुएसान,

गाडीची चौकट मी केली. स्टीलच्या नळ्या कापणं, त्यांची तोंडं एकमेकींवर फट न राहता बसतील अशी कानशीने घासणं, वेल्डिंग, सगळं. चाकांचे चारही खांदे मी केले. खांदा म्हणजे ज्या ओतीव तुकड्यावर चाक बसतं तो. लाकडी साचा माझा, ओतकाम भट्टीवाल्याचं पण मी समोर उभा राहून, नंतरचं तासकाम माझं. पेट्रोलची टाकी मी केली. फायबरचं अंग, पेडलं, गिअरचा दांडा, आरशांची घरं. गाडी चालवणाऱ्या सादाओची खुर्ची. इंजिन विकतचं आहे, टायर विकतचे, आणि डॅशवरची घड्याळंही विकतची. घड्याळं करायला मला कुणी शिकवलं नाही. बाकीचंही कुणी शिकवलं नव्हतं, पण तेवढ्याला आयुष्य पुरलं.

तुम्ही विचारलं होतं, गाडी भरवशाची आहे का. हे उत्तर.

सुझुकाच्या शर्यतीत चौथे आलो. पुढचे तिघेही मोठ्या कंपन्यांचे. त्यांच्या तंबूत जेवण वाढायला वेगळी माणसं असतात. आम्ही टूलबॉक्सवर बसून ओनिगिरीचे भातगोळे खाल्ले. परत येताना ट्रक मी चालवला, सादाओ शेजारी झोपला. पूर्वी तो झोपायचा नाही, रस्ताभर हरलेल्या वळणांचा हिशेब मांडायचा. दोघांचं वय मिळून शंभराला टेकलंय, त्याचा परिणाम.

फोन करू नका. वर्कशॉपचा फोन सादाओच धावत जाऊन उचलतो, आणि मग तुम्हाला विचारायचं असतं ते राहतं. पत्रच बरं. टपाल मी घेतो.

कुनिएदा तोकुजी

◆

याइझू, २१ एप्रिल

कुनिएदासान,

बोनितो मासळीच्या होड्या परतू लागल्या आहेत. आमच्या धुराच्या खोलीत पहाटेपासून ओकची लाकडं जळतात, त्यामुळे या कागदालाही वास लागला असेल. माफ करा.

ऋतूचे दोन शब्दसुद्धा न लिहिता थेट नळ्यांवरून सुरुवात करणारा माणूस अख्ख्या शिझुओका प्रांतात तुम्हीच. वाचून हसले. पण मी गाडीचं विचारलंच नव्हतं. माझं पत्र पुन्हा काढून बघा. "भरवशाचं आहे का सगळं," असं लिहिलं होतं. त्या सगळ्यात माझा नवराही येतो. तो तुम्ही केलेला नाही, ठाऊक आहे. तरी वर्षातले आठ महिने तो तुमच्या माळ्यावर राहतो, म्हणून विचारलं.

हा शेवटचा मोसम, असं तो म्हणाला आहे. तीन वर्षं तेच म्हणतोय. या वेळी मात्र मी न विचारता म्हणाला.

सोबत सुपासाठी धुरावलेली कात्सुओबुशी पाठवते आहे. तुम्ही दोघं ते पाकिटातलं सूप पिता, असं कळलं. आमच्या घरात बोनितोला धूर देतात आणि आमचा माणूस पाकिटातलं सूप पितो! शेजारणींना सांगायची सोय नाही.

हिरुकावा मित्सुए

◆

ओयामा, २८ मे

मित्सुएसान,

फुजीला तिसरे. पाऊस होता. आसागिरी संघाच्या दोन्ही गाड्या पुढे. त्यांचा तरुण ड्रायव्हर येऊन वाकून सादाओला म्हणाला, "हिरुकावासान, तुमच्या मागे राहून पावसात कसं चालवायचं ते शिकलो." सादाओ म्हणाला, "शिकलास तर मागेच राहायचं होतंस."

कात्सुओबुशी संपत आली.

एक गोष्ट लिहायची आहे. खुर्ची कशी करतात ते आधी सांगतो, नाहीतर कळणार नाही. दोन रसायनं एका पिशवीत मिसळली की फेस फुगतो. ड्रायव्हरला त्या पिशवीवर रेलून बसवायचं. फेस त्याच्या पाठीभोवती, बरगड्यांभोवती, कमरेभोवती फुगत जातो आणि घट्ट होतो. तो उठला की त्याच्या पाठीचा ठसा तयार. ती खुर्ची दुसऱ्या कुणाला होत नाही. सादाओची मी मार्चमध्ये ओतली. ओतताना चटका बसतो, तेव्हा तो ओरडला, "तोकु, गरम पाण्याच्या झऱ्याचे पैसे वेगळे घेणार का?"

ती खुर्ची आता त्याला सैल होते. वळणावर तो डावीकडे सरकतो. मी डाव्या बाजूला नमद्याचा, दाबलेल्या लोकरीचा, एक थर चिकटवला. माझं मोजमाप चुकलेलं नाही. फेस आकसत नाही, तेही तपासलं.

तुम्हाला माहीत असावं म्हणून लिहिलं.

कुनिएदा

◆

याइझू, १० जून

कुनिएदासान,

बिवा पिकायला लागलेत. अंगणातल्या झाडाचे तुमच्यासाठी ठेवले होते, पक्ष्यांनी आधी खाल्ले.

तुमचं पत्र वाचून आधी राग आला, खरं सांगते. आमचा माणूस महिन्यातले दोन दिवस घरी असतो. त्या दोन दिवसांत तीन वेळा भात मागून घेतो, मी डोळ्यांनी बघते. उरलेले दिवस तो तुमच्या ताटावर असतो. तेव्हा खुर्ची सैल झाली तर नमदा कुठे चिकटवायचा ते तुम्हीच ठरवा. टूलबॉक्सवर बसून ओनिगिरी खाणाऱ्याचं पोट कसं भरणार?

तांदूळ पाठवते आहे, आणि वाळवलेली मासळी. वेल्डिंगच्या ज्योतीवर भाजू नका. तुम्ही तसं करता हे त्यानेच सांगितलंय.

मित्सुए

◆

ओयामा, ५ ऑगस्ट

मित्सुएसान,

सुगोची शर्यत जिंकलो. पत्रात ही बातमी आधी यायला हवी म्हणून आधी लिहिली.

जिंकलो ते उन्हामुळे. कंपन्यांची इंजिनं तापून दोन गाड्या बंद पडल्या. आमच्या गाडीत हवा आत घ्यायची तोंडं मी वर्षभर हाताने घासून बदलत होतो, ती उपयोगी पडली. एका मासिकाचा माणूस विचारत होता, हवेचा अभ्यास कुठल्या विद्यापीठात केला. बोनेटवर लोकरीचे धागे चिकटवून ट्रकमागे गाडी ओढत नेली, असं सांगितलं. त्याने लिहून घेतलं नाही.

आता दुसरी बातमी. सादाओ म्हणाला, "मित्सुएला लिहू नकोस." मी हो म्हटलं. तरी लिहितो आहे.

बक्षीस घेऊन आल्यावर तो टायरांच्या ढिगामागे गेला आणि ओकला. उन्हाने होतं असं, मीही तेच म्हटलं. पण ढिगामागे जायची वाट त्याला पाठ होती. त्याला तिकडे जाताना पाहून कळलं, ही पहिली वेळ नाही. तुमचा तांदूळ मी रोज शिजवतो. तो अर्धी वाटी खातो आणि उरलेला मांजराला घालतो. मांजर लठ्ठ झालंय. तुमच्या घरी तीन वेळा भात मागून घेतो तो कुठे जातो, ते बघा.

खुर्चीत नमद्याचा तिसरा थर घातला. आता उजवीकडेही लागतो.

ओबोनच्या सणाला तो घरी येईलच. त्याला डॉक्टरकडे न्या. दुकानात मदत हवी, असं काहीतरी सांगून थांबवून घ्या. मी सांगितलं असं म्हणू नका.

कुनिएदा

◆

याइझू, ७ सप्टेंबर

कुनिएदासान,

ऋतूचं या वेळी राहू दे.

नेलं. त्याला वाटलं, माझ्या गुडघ्यासाठी जातोय. नळी घालून पाहिलं, फोटो काढले. मग नर्सने त्याला बाहेर कागद भरायला बसवलं आणि डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. एकटीला बोलावलं तेव्हाच समजले.

पोटाचा आहे. तो शब्द मी लिहीत नाही, तुम्हाला कळेल. त्याला अल्सर सांगितलंय. इथे रोग्याला ते नाव सांगत नाहीत. तुमच्या वडिलांच्या वेळी तुम्हीही शेवटपर्यंत अल्सरच म्हणत होता, आठवतं.

डॉक्टर म्हणाले, ऑक्टोबरच्या मध्यात खाट मिळेल, तेव्हा कापून काढलं तर आशा आहे. पुढे ढकलू नका. आमच्या माणसाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अल्सरच ना? नोव्हेंबरला शेवटची शर्यत झाली की येतो. एवढी वर्षं पोटात आहे, अजून महिनाभर राहील." डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. घाई का, ते सांगितलं तर नाव सांगावं लागतं. नाव सांगितलं तर तो उद्या उठणार नाही. त्याच्या थोरल्या भावाचं तसंच झालं. कुणीतरी सांगितलं, आणि त्याने जेवणच सोडलं.

कुनिएदासान, त्याला गाडीतून उतरवा. तुमची गाडी आहे, तुम्ही उतरवू शकता. पण का उतरवलं ते त्याला कळता कामा नये.

हे मागणं सोपं नाही, माहीत आहे. माझ्याकडे दुसरं कुणी नाही.

मित्सुए

◆

ओयामा, १६ सप्टेंबर

मित्सुएसान,

तुमचं पत्र मी पाच-सहा वेळा वाचलं.

फुजीच्या दुसऱ्या शर्यतीत आम्ही काल दुसरे आलो. आता गुणांत सादाओ सगळ्यांच्या पुढे आहे. सुझुकाला तिसरा आला तरी देशाचं अजिंक्यपद त्याचं. एका माणसाच्या वर्कशॉपमधल्या गाडीला ते अजून मिळालेलं नाही. वीस वर्षं आम्ही दोघं यासाठीच जागलो. त्याला मी काय सांगू? तू जाड झालास? तू हळू झालास? काल पहिल्या फेरीत त्याने दोन गाड्या बाहेरच्या बाजूने काढल्या. दुसरा ड्रायव्हर आणतो म्हटलं तर विचारेल, का? त्याच्यापेक्षा चांगला मला माहीत नाही, आणि हे त्यालाही माहीत आहे.

तुम्ही समजता तसा मी खोटं बोलू शकत नाही. बोललो की तो माझ्या तोंडाकडे बघत नाही, हातांकडे बघतो. हात काहीतरी पुसायला लागतात म्हणे.

मला जमणार नाही. तुम्ही रागवाल. रागवा.

कुनिएदा

◆

ओयामा, ६ ऑक्टोबर

मित्सुएसान,

गाडी सुझुकाला जाणार नाही. आयोजकांना कळवलं आहे. सादाओ उद्या दुपारच्या गाडीने याइझूला पोहोचेल. स्टेशनवर जाऊ नका, त्याला ते आवडत नाही.

मागच्या डाव्या चाकाच्या खांद्यात तडा निघाला. कसा निघाला ते सविस्तर लिहितो. प्रत्येक शर्यतीनंतर मी सगळे ओतीव तुकडे सुटे करून लाल रंगात भिजवतो, पुसतो, वर पांढरी पूड फवारतो. तडा असेल तर आत शिरलेला रंग बाहेर येतो आणि पुडीवर लाल रेघ उमटते. या खांद्यावर उमटली. तळाच्या कोपऱ्यात, बोटाच्या पेराएवढी.

सादाओ वरून चहाचा पेला घेऊन आला. मी तुकडा पुढे केला. तो दारात उजेडाकडे घेऊन गेला. अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवत होता.

"तोकु, हा तडा?"

"हो."

"पट्टी धरून गेल्यासारखा गेलाय."

"धातू आहे. जायचा तसा जातो."

"तुझा तडासुद्धा सरळ. दुसऱ्या कुणाचा असता तर वाकडातिकडा गेला असता."

त्याने तुकडा बाकावर ठेवला.

"जादाचा खांदा आहे ना फळीवर?"

"त्याच ओतकामातला आहे. याला गेला तर त्यालाही जाईल. भरवसा नाही."

"नवीन ओत."

"भट्टी महिनाभर रिकामी नाही."

"मग?"

"मग नाव मागे घ्यायचं."

त्याने चहा संपवला. पेला धुतला, पालथा घातला. वीस वर्षांत त्याने स्वतःचा पेला धुतलेला मी पाहिला नव्हता. म्हणाला, "म्हातारपणी फालतू माल काढायला लागलास, तोकु."

"लागलो. तू रिकामाच आहेस तर जाऊन तो अल्सर काढून टाक. नाहीतर इथे बसून माझं डोकं खाशील."

"रिकामाच आहे तर," तो म्हणाला आणि हसला. मग वर जाऊन सामान भरायला लागला. हेल्मेट खुर्चीत ठेवून गेलाय. नेलं नाही.

तो माझ्या हातांकडे बघत होता का, ते मला माहीत नाही. हात मी खिशात घातले होते.

आयोजकांच्या पत्रात कारण स्पष्ट लिहिलंय: चाकाच्या खांद्याला तडा, निर्माता स्वतः कुनिएदा. मासिकात ते छापून येईल. आलं आणि तुमच्याकडे कुणी दाखवायला आणलं तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

कुनिएदा

◆

याइझू, २० डिसेंबर

कुनिएदासान,

वर्ष संपत आलं. आमच्याकडे मोचीचा भात कुटायची तयारी चालली आहे. यंदा आमच्या माणसाला मुसळ उचलायची बंदी आहे, त्यामुळे तो बाजूला बसून सगळ्यांच्या चुका काढतो.

दोन महिने लिहिलं नाही, क्षमा असावी. शस्त्रक्रिया ठरल्या दिवशी झाली, बरेच तास चालली. पोटाचा बराच भाग काढला. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. त्याच्या पुढचं ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. आता घरी आहे. पेज खातो, दिवसातून सहा वेळा, पाखराएवढी. शर्यतीच्या दिवशी रेडिओ लावू का विचारलं, तर नको म्हणाला, धुराच्या खोलीत जाऊन लाकडं मोजत बसला. अजिंक्यपद आसागिरीच्या त्या पोराला मिळालं. त्याने फुलं पाठवली होती.

एक तक्रार आहे. येईल त्या माणसाला हा सांगतो, "कुनिएदाच्या ओतकामाने दगा दिला, नाहीतर यंदा आमचंच होतं." मासळी घ्यायला आलेल्यांना सांगतो, शेजाऱ्यांना सांगतो, हॉस्पिटलात नर्सना सांगत होता. एक सायकलवाला म्हणाला, "अशा माणसाच्या गाडीत तुम्ही बसत होतात तरी कसे?" मला राहवलं नाही. त्या सायकलवाल्यासमोरच मी याला झापलं, वीस वर्षांच्या मित्राचं नाव असं खराब करतात का! सायकलवाला गेल्यावर तो म्हणाला, "सांगू दे ग. जितक्या जणांना सांगेन तितकं ते खरं होईल."

असं का म्हणाला, ते मी विचारलं नाही. तो उठून मुसळवाल्यांच्या चुका काढायला गेला.

पण तुम्हाला विचारते. एप्रिलमधलं तुमचं पहिलं पत्र मी काल पुन्हा काढलं. ओतकाम भट्टीवाल्याचं पण मी समोर उभा राहून, असं तुम्ही लिहिलंय. त्या खांद्याला खरंच तडा होता का? मी कुणाला बोलणार नाही.

त्याने निरोप दिलाय: नवी खुर्ची ओतायला कधी येऊ? जुनीत आता तो आणि मांजर दोघं मावतील म्हणे.

मित्सुए

◆

ओयामा, ११ फेब्रुवारी १९८२

मित्सुएसान,

उत्तराला उशीर झाला. लिहायला बसलो की एखादं काम आठवायचं. आता कामं आठवेनाशी झाली, म्हणून लिहितो. दोन जणांनी चौकटींची मागणी परत घेतली. मासिक वाचल्यावर ते साहजिक आहे. मी त्यांच्या जागी असतो तर तेच केलं असतं. वेळ आहे तेवढ्यात वर्कशॉपचं छत शाकारून घेतलं.

खुर्चीचं. थंडीत फेस नीट फुगत नाही, बुडबुडे राहतात. एप्रिलच्या मध्यात त्याला पाठवा, चेरी गळून गेल्यावर, म्हणजे रस्त्यांवर गर्दी नसेल. तेव्हा तो असेल तेवढ्या अंगाची ओतू. पुढे अंग भरलं तर फेस खरवडता येतो, ते नमदा चिकटवण्यापेक्षा सोपं आहे. गाडी चालवायची की नाही, ते त्याने आणि तुम्ही ठरवा. खुर्ची मी ओतणार आहे. मांजराला वेगळी देणार नाही, सांगा त्याला.

तुमच्या प्रश्नाचं. गेल्या महिन्यात आसागिरी संघाचे दोघं आले होते. एक व्यवस्थापक, एक इंजिनीअर. त्यांना ही गाडी हवी आहे, साच्यांसकट, पुढच्या मोसमासाठी. सुगोला त्यांनी हवेच्या तोंडांचे फोटो काढले होते, ते त्यांच्याकडे बनत नाहीत म्हणाले. व्यवस्थापक सभ्य होता, बूट काढून आत आला, चहा झाल्याशिवाय कामाचं बोलला नाही. मग इंजिनीअरने तो खांदा बघायला मागितला. मी दिला. त्याने भिंग लावलं. बघत राहिला. हळूच म्हणाला, "कुनिएदासान, ही तर टोच्याने ओढलेली रेघ आहे."

मी म्हटलं, "तडा आहे."

"तडा असा सुरू होत नाही. आणि असा संपत तर नाहीच."

"माझा होतो."

व्यवस्थापकाने त्याला गप्प केलं आणि मला समजावून सांगितलं. तडा जाऊन मागे घेतलेली गाडी, अशी नोंद असताना त्यांच्या कंपनीला ती विकत घेता येत नाही. वरचे लोक सही करणार नाहीत. मी फक्त एवढं लिहून द्यायचं, की खांदा धड होता, गाडी दुसऱ्या कारणाने मागे घेतली. कारण कोणतं ते लिहायची गरज नाही. ते मासिकात छापून आणतील, माझं नावही साफ होईल. "तुमच्यासारख्या कारागिरावर हा डाग का राहावा," असं तो म्हणाला, आणि मनापासून म्हणाला. मी तो तुकडा हातात घेतला. त्या कोपऱ्याची गोलाई काढायला मला एक अख्खा दिवस लागला होता.

ते मासिक सादाओ दर महिन्याला वाचतो. पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत, जाहिरातींसकट. दुसरं कारण कोणतं, हे त्याला कुणी समजावून सांगावं लागणार नाही.

मी नाही म्हटलं. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं, तेव्हाही. देऊ केलेली रक्कम तीन कोटी ऐंशी लाख येन होती.

कुनिएदा तोकुजी